आजीच्या चान्या पुण्यानुमोदनाच्या पंगतीत का नाहीत?

आपल्या वस्तीत म्हातारं माणूस गेलं की आता एक ठरलेला कार्यक्रम होतो. पुण्यानुमोदनाची पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरते. भन्तेजी किंवा बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होतं, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्प अर्पण होतं, चार कार्यकर्ते बोलतात. कष्टाळू होत्या, मुलांना शिकवलं, बाबासाहेबांच्या विचारांवर निष्ठा होती, एवढ्यात एक अख्खं आयुष्य आटोपतं. मग पंगत बसते. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, बुंदी. आचाऱ्याला सांगून केलेलं. ज्या बाईने साठ-साठ वर्षं चुलीपुढे बसून घर जगवलं, तिच्या हातचा एकही पदार्थ तिच्या आठवणीच्या जेवणात नसतो. आम्हाला भांडायचं आहे ते याबद्दल.

आमच्या आजीचं सांगतो. मराठवाड्यातली बाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चान्या घालाव्यात तर तिनेच, असं सगळी वस्ती म्हणायची. चान्या म्हणजे वाळवलेलं मांस. कुठे चान्नी म्हणतात. मोठ्याचं मटण आलं की ती विळी घेऊन बसायची आणि गोळा उलटसुलट कापत, मध्ये कुठेही न तुटू देता, त्याची लांबच लांब पट्टी काढायची. मीठ-हळद चोळून ती दोरीवर टाकायची. एप्रिल-मे मधलं ऊन आणि कावळ्यांवर नजर ठेवायला आम्ही पोरं. चार-पाच दिवसांत मांस काडीसारखं मोडायला लागलं की गाडग्यात भरून तोंड बांधायचं. आषाढ-श्रावणात हाताला काम नसायचं, बाजार परवडायचा नाही, तेव्हा ते गाडगं उघडायचं. निखाऱ्यावर भाजून, खलबत्त्यात चेचून, कांद्यावर परतून रस्सा. आणि रश्श्याला येसूर.

येसूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, लाल मिरच्या, ऐपत असेल तेव्हा सुकं खोबरं, हे सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं. रस्सा उकळताना हे पीठ पाण्यात कालवून सोडलं की तो दाट होतो. मूठभर चान्यांत दहा माणसांची भाकर ओली करायची, तर रस्सा वाढवावा लागतो आणि वाढवूनही तो पाणचट लागता कामा नये. हे गणित आजीला पाठ होतं. ज्वारी जास्त पडली तर कोरड्यास पिठल्यासारखं होतं, मिरची करपली तर सगळं कडू. ती डोळ्यांनी आणि नाकाने मोजायची. विद्यापीठात याला अन्नतंत्रज्ञान म्हणतात आणि पदवी देतात.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आपल्याच जुन्या कार्यकर्त्यांचा असतो, आणि तो फेकून देण्यासारखा नाही. ते म्हणतात, बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं, तुम्ही ते परत उकरून काय काढता? बरोबर, सांगितलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. पण नेमकं काय सोडायला सांगितलं ते नीट वाचा. मेलेलं ढोर ओढणं, त्याचं मांस घरी आणणं आणि गावाच्या शिळ्या भाकरीवर जगणं ही गावगाड्याने लादलेली गुलामी होती. ती झुगारायची होती. आजीच्या आईच्या पिढीने ती झुगारली. अनेक गावांत ढोरं ओढायला नकार दिला म्हणून आपल्या लोकांवर बहिष्कार पडला, मजुरी बंद झाली, पाणी बंद झालं. म्हणजे मुर्दाड मांस चुलीवरून खाली उतरवण्याचा निर्णय उपाशी राहण्याची किंमत मोजून घेतला गेला, आणि तो रोज अमलात आणला तो बायकांनी. सभेत हात वर करणारे पुरुष होते, रिकाम्या टोपल्यासमोर पोरांची समजूत काढणाऱ्या बाया होत्या. त्यानंतर आमच्या आजीने जे मांस शिजवलं ते बाजारातून, स्वतःच्या मजुरीच्या पैशातून आणलेलं. या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरणं म्हणजे आजीने आणि तिच्या आईने केलेला संघर्षच पुसून टाकणं आहे.

आणि बाबासाहेबांनी या खाण्याकडे कधी शरमेने पाहिलं नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या मुळाशी बौद्धांविषयीचा तिरस्कार आणि गोमांसभक्षण ही कारणं मांडली. एकेकाळी ब्राह्मणसुद्धा गोमांस खात होते, हे त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे दाखवलं. ताट हा राजकीय इतिहासाचा पुरावा आहे हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आपण मात्र तेच ताट झाकून ठेवायला लागलो आहोत.

दुसरा आक्षेप धम्माच्या नावाने येतो. उपासकाने मांस खाऊ नये, पंचशीलाचा भंग होतो, वगैरे. कुणी स्वतःच्या विवेकाने मांस सोडलं असेल तर त्याचा आम्ही आदर करतो. पण ते सगळ्यांवर लादायचं असेल तर आधी विनयपिटक उघडा. भिक्खूंनी मासे-मांस वर्ज्य करावं हा नियम सक्तीचा करा, अशी मागणी देवदत्ताने केली होती आणि तथागतांनी ती नाकारली. आपल्यासाठी जनावर मारलं गेल्याचं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंकाही नसेल, तर भिक्खूला ते चालतं, हा नियम तिथेच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. मग आपल्या विहारात शाकाहाराचा हा सोवळेपणा आला कुठून? पंचशीलातून आलेला नाही. शेजारच्या आळीतून आला. मुलं शिकली, नोकऱ्या लागल्या, शहरात फ्लॅट घेताना ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ ही पाटी वाचावी लागली, सोसायटीत कुकरची शिट्टी झाली की वास कसला म्हणून विचारणा झाली. तिथून तो आपल्या घरात शिरला आणि आल्यावर त्याने धम्माचं नाव घेतलं.

आमच्या आजीच्या शेवटच्या दहा वर्षांत तर सरकारही तिच्या चुलीपर्यंत येऊन पोचलं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यानेच होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीने लागू झाली आणि बैल, वळूही त्यात आले. कत्तलीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद. परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केलं, बंदी मात्र कायम ठेवली. म्हैस, रेडा या बंदीत येत नाहीत, म्हणून आजच्या चान्या म्हशीच्या. पण रस्त्यावर पिशवी हुंगणाऱ्या टोळीला कुठल्या जनावराचं आहे हे तपासायला वेळ नसतो. दोरीवर चान्या वाळत घालायच्या म्हणजे त्या चार लोकांना दिसणार. आजीने नंतर दोरी अंगणातून काढून पत्र्यावर, मागच्या बाजूला नेली. तिने यावर भाषण केलं नाही. म्हणाली, ‘कावळं परवडलं बाबा.’

आता तिसऱ्या बाजूबद्दल, कारण हल्ली तिथेही गर्दी होते आहे. शहरात ‘विस्मृतीत गेलेले पदार्थ’ म्हणून महोत्सव भरतात. वजडी, रक्ती, मुंडी, पाया यांना अचानक भाव आला आहे. ताटाची किंमत आजीच्या महिनाभराच्या किराण्याएवढी, आणि माहितीपत्रकात ‘ग्रामीण’, ‘अस्सल’, ‘गावरान’ असे शब्द. जात हा शब्द कुठेच नाही. आतडी, रक्त, फोफसं हेच आपल्या वाट्याला का आलं, चांगला भाग कुणाच्या घरी गेला, हा प्रश्नही नाही. चव घेतली आणि इतिहास थुंकून टाकला. असल्या कौतुकापेक्षा तो सोसायटीतला शेजारी बरा, तो निदान नाक मुरडून खरं बोलतो.

आपल्यातलेही काही जण ‘आजीच्या हातची चव’ म्हणून गहिवरतात, तेव्हा आम्ही त्यांना एकच विचारतो: आजी कधी जेवायची? आमची आजी सगळ्यांत शेवटी जेवायची. पातेल्यात भाकर फिरवून निघेल तेवढा रस्सा, नाहीतर तिखट-मीठ. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, कामावर मिळणारी सुकडी पदराला बांधून पोरांसाठी आणली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्या थापताना चिरायच्या, म्हणून ती पिठाला आधी उकळत्या पाण्याची उकड द्यायची. तांदूळजा, घोळ, पाथरी, तरवटा यातलं काय कोवळं असताना खायचं आणि काय दोनदा उकडून पाणी टाकून द्यायचं, हे तिला भुकेने शिकवलं होतं. हे ज्ञान होतं आणि ही उपासमारही होती. यातलं एक सांगून दुसरं लपवलं तर ती आजी आपली राहत नाही, जाहिरातीतली होते.

या विषयावर आपल्याकडे लिहिलं गेलंच नाही असं नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना शीर्षकातच उत्तर आहे. भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला आणि मग अनेकांनी मूळ मराठी पुस्तक शोधलं, हा आपला नेहमीचा उलटा प्रवास. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नस्मृतींवर काम करून पुस्तिका काढली. आणि दुसरीकडे १९७० पासून मराठी घराघरांत पोचलेलं ‘रुचिरा’ घ्या, त्यात चान्या कशा वाळवायच्या ते शोधून पाहा.

पण एका जिल्ह्याचं एका पुस्तकाने भागत नाही. मराठवाड्यातला येसूर वेगळा. नागपूरकडे पालथ्या मडक्यावर भाजली जाणारी लांब रोटी वेगळी, तिचं सैल पीठ हातावर झेलत वाढवायचं कसब आज किती पोरींना आणि पोरांना येतं? हो, पोरांनाही विचारतो आहोत. जयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर नाचणाऱ्या, स्त्रीमुक्तीवर घोषणा देणाऱ्या आपल्या तरुणांनी आजीच्या शेजारी पाटावर बसून वजडी साफ करायला शिकावं. गरम पाणी किती गरम, चुना किती, सुरीने खरवडायचं किती वेळ. तासभर पाठ मोडेपर्यंत ते केलं की आपल्या घरातल्या श्रमविभागणीवर वेगळं शिबिर घ्यायची गरज राहणार नाही.

आम्ही आमच्या घरापुरतं ठरवलं आहे. आजीच्या पुण्यानुमोदनाला वंदना होईल, तिचा फोटो असेल, आणि फोटोखाली नुसत्या जन्म-मृत्यूच्या तारखांऐवजी तिने कुठे खडी फोडली, काय शिजवलं, काय सोडलं हे एका पानावर छापलेलं असेल. पंगतीत चान्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकर असेल. जे मांस खात नाहीत त्यांच्यासाठी कण्या आणि अंबाडीची भाजी, तीही तिचीच. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी दोघांनी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून विरोध केला, चर्चा दोन रात्री चालली. शेवटी आत्याने विचारलं, लोक म्हणजे कोण? येणारी सगळी आपलीच माणसं आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांनी तरी तिच्या हातचं खाल्लं आहे. येसूर आत्याच भाजणार आहे. प्रमाण विचारलं तर म्हणते, डोळ्यांनी बघा. म्हणून या वेळी प्रत्येक जिन्नस कढईत पडायच्या आधी तो वजनकाट्यावर ठेवायचा आणि वहीत लिहायचा, हे काम दोन नातवांकडे दिलं आहे.