माणमध्ये छोटी पवनचक्की : पाती फिरतील, पण बॅटरी भरेल का?

माण (ता. मुळशी) : मोबाईलवर छोट्या पवनचक्कीचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा समोर येतात. गच्चीवर पाती गरगर फिरतायत, खाली बॅटरी भरतेय आणि बाजूला लिहिलेलं असतं, 'वीजबिल विसरा'. किंमत दहा-बारा हजारांपासून पुढे. गावठाणापासून लांब गोठा असलेला, जिथं महावितरणचा खांब अजून पोचलेला नाही असा शेतकरी हा व्हिडिओ पाहून थांबतोच. जुलै २०२५ मध्ये हिंजवडी परिसरात भूमिगत केबल बिघडली आणि हजारो घरांची वीज गेली, तेव्हा वीज असलेल्यांनाही आपली स्वतःची बॅटरी असावी असं वाटून गेलं.

गरज खरी आहे. प्रश्न इतकाच, की माणच्या वाऱ्यावर ही मशीन चालते का? पैसे देण्याआधी हा हिशेब घरी बसून करता येतो.

आधी गरज किती ते मोजा

गोठ्यावर ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले तर १८० वॅट-तास लागतात. दोन मोबाईलला ३०, रानडुकरांसाठीच्या झटका मशीनला रात्रभरात ६० आणि सिमकार्डवर चालणाऱ्या एका कॅमेऱ्याला दिवस-रात्र मिळून १३० धरा. एकूण झाले ४००. म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. मोटर, कडबाकुट्टी किंवा फ्रीज यात धरलेला नाही. तो धरला तर छोट्या पवनचक्कीचा विषय तिथंच संपतो.

वारा दुप्पट, वीज आठपट

पवनचक्कीचं सगळं गणित वाऱ्याच्या वेगावर आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते. उलटंही तितकंच खरं. वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते.

ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या मशीनच्या पात्यांचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.२ मीटर, म्हणजे चार फुटांच्या आसपास असतो. अशी मशीन बऱ्यापैकी चांगली निघाली तरी तिच्याकडून साधारण एवढीच अपेक्षा ठेवता येते :

– ताशी ११ किलोमीटर वारा : ४ वॅट
– ताशी १८ किलोमीटर : २० वॅट
– ताशी २९ किलोमीटर : ८० वॅट
– ताशी ४३ किलोमीटर : २७० वॅट

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा शेवटच्या ओळीतल्या वाऱ्याचा असतो, कधी त्याहूनही जोराच्या. तसं वारं आपल्याकडे वर्षातून किती तास असतं, हे शेतात काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दिवसभराचा सरासरी वेग ताशी ११ किलोमीटर असेल, तर मधले झोत धरूनही अशी मशीन दिवसाला शंभर ते दोनशे वॅट-तासच देईल. गरज आहे ४०० ची.

'१००० वॅट' खरं की खोटं? टेप लावा

मशीनवर कितीही वॅट छापलेले असोत, पात्यांचा घेर खोटं बोलत नाही. चार फूट घेरातून ताशी ४३ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या वाऱ्यात सगळी मिळून ताकदच हजार-अकराशे वॅटची असते. त्यातली ५९ टक्क्यांपेक्षा जास्त कुठलीही पवनचक्की काढू शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. म्हणजे कागदावरची कमाल झाली सव्वासहाशे-साडेसहाशे वॅट. प्रत्यक्षात छोट्या मशीनला त्याच्या निम्मेही जड जातात. चार फूट घेराची मशीन कोणी '१००० वॅट' म्हणून विकत असेल, तर पुढचं बोलणं तिथंच थांबवावं.

उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या, रवीसारख्या दिसणाऱ्या मशीन दिसायला छान असतात आणि कुठल्याही दिशेच्या वाऱ्यावर फिरतात. पण तेवढ्याच आकाराच्या तीन पात्यांच्या मशीनपेक्षा त्यांची वीज सहसा कमीच भरते.

एक माण साताऱ्यात, एक माण मुळशीत

'साताऱ्यात एवढ्या पवनचक्क्या चालतात, मग आपल्याकडे का नाही?' असं विचारलं जातं. माण नावाचा अख्खा तालुका सातारा जिल्ह्यात आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पण साताऱ्यातल्या गाजलेल्या पवनचक्क्या आहेत चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारावर. ही पठारं हजार मीटरहून उंच, उघडी, आणि पश्चिमेचा वारा अडवायला समोर काही नाही. आपल्याच जिल्ह्यात खेड-मावळच्या डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या मोठ्या पवनचक्क्याही माथ्यावर आहेत, खाली खाचरात नाहीत.

मुळशीतलं माण सह्याद्रीच्या पूर्वेला, खालच्या अंगाला आहे. त्यात गेल्या वीस वर्षांत गावाचं रूप बदललं. आयटी पार्कचा तिसरा टप्पा आला, मेट्रोची कारशेड आली, वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. ज्या तुकड्यांवर अजून भात होतो, त्यांच्या बाजूलाच टॉवर आहेत.

या टॉवरमुळे वारा नुसता अडत नाही, तो फाटतो, गरगरतो. सर्वसाधारण हिशेब असा, की अडथळ्याच्या पाठीमागे त्याच्या उंचीच्या वीसपट अंतरापर्यंत वारा बिघडलेला राहू शकतो. साठ मीटरची इमारत असेल तर सव्वा किलोमीटर. पावसाळ्यात वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, म्हणजे टॉवरच्या पूर्वेकडची शेतं त्याच्या आडोशाला जातात. दोन इमारतींच्या मधून जोराचा झोत लागतो आणि 'इथं लई वारं आहे' असं वाटतं. पण असा झोत दिशा बदलत राहतो. पाती सारखी वळत राहतात, वीज होत नाही आणि बेअरिंग मात्र लवकर जातं.

नकाशातला वारा शंभर मीटरवरचा

काही विक्रेते वाऱ्याचा नकाशा दाखवतात. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे खरेच आहेत, पण त्यावर उंची काय लिहिलीय ते बघावं. मोठ्या पवनचक्क्यांसाठी ते नकाशे १००-१५० मीटर उंचीचे असतात. शंभर मीटरवर सेकंदाला ७ मीटर असलेला वारा तीस फुटांवर येईपर्यंत साडेचारच्या आसपास उतरतो. वीज मग चौथ्या हिश्श्यावर येते.

त्यापेक्षा आपल्या शेतातच मोजावं. हातात धरायचा वारामापक हजार-दीड हजारात मिळतो. तोही नको असेल तर मशीन बसवायची त्या उंचीवर काठीला हलकं फडकं बांधा. पानं नुसती सळसळत असतील तर वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर. फडकं सरळ आडवं उडतंय आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतायत तर १२ ते १९. धूळ आणि कागद उडायला लागले तर २० ते २८. सकाळी, दुपारी, रात्री वहीत लिहा. एक महिना पावसाळ्यातला आणि एक दिवाळीनंतरचा घ्या. दिवाळीनंतरच्या पानावर फडकं बहुतेक वेळ खालीच लोंबलेलं असेल, तर निर्णय झालाच.

सौर पॅनेलशी तुलना

पुणे जिल्ह्यात चांगल्या उन्हात २०० वॅटचं पॅनेल दिवसाला ८०० वॅट-तासांच्या आसपास देतं. आपल्या गरजेच्या दुप्पट. जुलैच्या अंधाऱ्या दिवशी ते पाव हिश्श्यावर येतं, म्हणजे २००. मग ४०० वॅटचं पॅनेल लावलं की पावसातलीही बहुतेक गरज भागते. त्यात फिरणारा भाग नाही, उंच खांब नाही, वर चढायचं काम नाही. माणच्या सपाटीवर पवनचक्कीचे पैसे दुसऱ्या पॅनेलला आणि चांगल्या बॅटरीला लावले तर जास्त वीज हाती येते.

अनुदानाबद्दलही गैरसमज नको. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार आणि ३ किलोवॅट व पुढे ७८ हजार रुपये मिळतात, पण ते महावितरणच्या लाइनला जोडलेल्या घराच्या छतासाठी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते, पण ती पंपासाठी. लाइन नसलेल्या गोठ्याची बॅटरी या दोन्हींत बसत नाही. तो खर्च पूर्ण आपल्या खिशातून आहे, म्हणून चूक महाग पडते.

मग घ्यावी कोणी?

घाटमाथ्यावर, ताम्हिणीच्या बाजूला उघड्या धारेवर वस्ती असेल तर हिशेब बदलतो. तिथं आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, पण त्याच दिवसांत वारा जोरात असतो. पॅनेल दमतं तेव्हा पवनचक्की मदतीला येते. तिथंही पॅनेल आधी आणि पवनचक्की जोडीला, असाच क्रम ठेवावा.

घ्यायचीच ठरली तर या गोष्टी पक्क्या करा :

खांब : दीडशे मीटरच्या आतल्या सर्वांत उंच झाडा-घरापेक्षा पाती तीस फूट वर हवीत. खर्च इथंच वाढतो. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवा. मुळशी-मावळात पत्रे आणि पॉलिहाऊस उडाले होते. म्हणून चारी बाजूंनी ताणाच्या तारा, अर्थिंग आणि वादळाआधी खाली निजवता येईल असा खांब घ्या. घराच्या भिंतीला बांधू नका. थरथर सगळ्या घरात उतरते.

कंट्रोलर : सौरचा साधा कंट्रोलर चालत नाही. बॅटरी भरली की तो लाइन तोडतो, मग पात्यांवरचा भार जातो आणि ती बेफाम फिरून तुटू शकतात. जादा वीज जिरवणारा डम्प लोड आणि हाताने थांबवायचा ब्रेक स्विच विक्रेत्याकडून डोळ्यांनी बघून घ्या.

बॅटरी : गाडीची जुनी बॅटरी यासाठी नाही. ट्यूब्युलर १५० अँपिअरची १२ व्होल्ट बॅटरी निम्मी वापरली तर ९०० वॅट-तास देते, म्हणजे आपल्या गरजेचे दोन दिवस.

पावती : पात्यांचा घेर, कोणत्या वाऱ्याला किती वॅट, आणि सुटे भाग कुठं मिळतील, हे बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

माणच्या सपाटीवरच्या, टॉवरच्या शेजारच्या शेतकऱ्यासाठी उत्तर सरळ आहे : पॅनेल घ्या, बॅटरीवर पैसे वाचवू नका. धारेवरच्या वस्तीनं आधी दोन महिने वही भरावी, मग मशीनचा भाव विचारावा.