स्ट्रेप्टो चालेना म्हणून तांबं वाढवा? कुणी सांगितलं?



ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. डाळिंबावर तेल्याचे काळे डाग, फळ तडकलेलं, आणि खाली सल्ला : "स्ट्रेप्टोला जंतू दाद देत नाही? सोबत कॉपर घ्या, डोस वाढवा." कालपासून चौघांचे फोन आले, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पटलं नाही तर भांडा, पण वाचून भांडा.

या जोडीमागं शास्त्र आहे, ते मी नाकारत नाही. स्ट्रेप्टोमायसीन जंतूचं प्रथिनं बनवायचं काम बिघडवतं, तांबं त्याच्या पेशीवर एकदम चार ठिकाणी घाव घालतं. 2013 साली बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की चांदीमुळं जंतूचं आवरण गळकं होतं आणि प्रतिजैविक आत शिरतं. आता तेवढ्या भांडवलावर दुकानात नॅनो सिल्व्हरच्या बाटल्या विकतात. अहो, तिथं औषध मोजून उंदराच्या अंगात गेलेलं. आपल्याकडं पानावर मारलेलं एका सरीत धुऊन जातं.

आणि जंतू काय गप बसतो का? तेल्याचा जंतू झान्थोमोनास. त्याचाच भाऊबंद अमेरिकेत फ्लोरिडाला टोमॅटो-मिरचीवर आहे. तिथं आधी स्ट्रेप्टोमायसीन मारलं, ते काही वर्षांत निकामी झालं. मग तांब्यावर भर दिला, तर 1980 च्या दशकात तांबं पचवणारे जंतूही सापडले. हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडं जातो. धातू पचवायचा आणि प्रतिजैविक पचवायचा गुण पुष्कळदा एकाच गाठोड्यात असतो. म्हणजे नुसतं तांबं मारलं तरी स्ट्रेप्टोला न जुमानणारा जंतूच पोसला जाऊ शकतो. याचं उत्तर दुकानदारानं द्यावं.

आता हिशोब करा. कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्केवालं, लिटरला अडीच ग्रॅम, एकरी 400 लिटर पाणी. एका फवारणीत अर्धा किलो निव्वळ तांबं. दहा फवारण्या, पाच किलो. ते कुजत नाही, उडून जात नाही, मातीतच राहतं. युरोपात मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे एकरी वर्षाला साधारण 1.6 किलो. आणि आपण डाळिंब पाठवणार तिकडंच!

स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगाचं औषध आहे, हेही ध्यानात घ्या. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारनं शेतीतला त्याचा वापर बंद करायचा मसुदा काढला तो उगाच नाही. तोंडाला फडकं न बांधता पंप मारणारं पोरगं आपल्याच घरचं असतं.

तेल्या येतो रोगट गुटी कलमातून, छाटणीच्या कात्रीतून, पावसाच्या उडत्या थेंबातून. डागाच्या दोन इंच खाली छाटा, दर झाडाला कात्री सोडियम हायपोक्लोराईटात बुडवा, छाटलेलं बांधावर न टाकता जाळा. बागेला तीन-चार महिने विसावा द्या, जमेल तिथं मृग सोडून हस्त बहार धरा. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो, तेही ताजं आणि मोजून. यात कुणाला कमिशन नाही, म्हणून हे कुणी सांगत नाही.

कृषी पदवीधर मित्रांना एकच विचारतो : डोस वाढवायला सांगण्याआधी त्या बागेतला जंतू प्रयोगशाळेत पाठवून कोणत्या औषधाला मरतो ते कितीजणांनी तपासलं? खाली लिहा, बागेच्या गावासकट.