नाताळच्या बाजाराला आपण जावं का?



कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची लेक हॉलंडला. त्यामुळे डिसेंबरात तिकडे जाणाऱ्या आपल्या बायका आता पुष्कळ झाल्या. निघण्याआधी त्या एक प्रश्न हमखास विचारतात: "तिथे नाताळचा मोठा बाजार भरतो म्हणे. मुलं चला म्हणतात. आपण जावं का?" आमच्या मंडळात यावरून दोन तट पडले. मागच्या डिसेंबरात मी न्यूरेंबर्गचा बाजार पाहून आले, म्हणून माझं मत सरळ सांगते. जावं. नियम मोडून नाही, नियम सोबत घेऊन जावं.

न्यूरेंबर्ग हे दक्षिण जर्मनीतलं जुनं शहर. माझी लेक शेजारच्या एर्लांगेनला राहते, तिथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचतो. शहराच्या मुख्य चौकात, जुन्या चर्चच्या समोर हा बाजार भरतो. त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा १६२८ सालचा आहे. नाताळच्या आधी सुमारे चार आठवडे तो सुरू होतो आणि २४ डिसेंबरला उठतो. लाकडी दुकानं १८० च्या आसपास, प्रत्येकावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. लाकडी खेळणी, काचेचे गोळे, गवताच्या काड्यांच्या चांदण्या, मेणबत्त्या, लोकरीचे मोजे. बघत राहावं असं आहे.

आता खाण्याचं. आपल्या अष्टमूलगुणांत काय सोडायला सांगितलंय? मद्य, मांस, मधु हे तीन मकार आणि पाच उदुंबर फळं. या बाजारात तिन्ही मकार शेजारी शेजारी मांडलेले असतात. मद्य म्हणजे ग्लुवाइन, दालचिनी-लवंग घालून गरम केलेली लाल वाइन. मांस म्हणजे डुकराच्या मांसाचे बोटाएवढे सॉसेज, तीन-तीन पावात घालून देतात. मधु म्हणजे लेबकुखेन, तिथला प्रसिद्ध मसाल्याचा केक. त्या शहराच्या आजूबाजूच्या जंगलात पूर्वी मध भरपूर मिळायचा आणि मसाल्याचा व्यापारही तिथून चालायचा, म्हणून हा पदार्थ तिथला झाला. त्यातली वेलची, दालचिनी, लवंग पूर्वेकडून, आपल्या बाजूच्या समुद्रातून गेलेली. वास अगदी आपल्या घरातला येतो, आणि आत मध आणि बहुतेक वेळा अंडंही. सुक्या मेव्याच्या पावात अंजीर असतं, ते उदुंबरातलं. बटाट्याचे घावन दिसतात, ते कंदमूळ. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं.

त्यात भर सूर्याची. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. बाजाराची खरी गर्दी त्यानंतरची.

हे सगळं ऐकून माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "मग तिथे जायचंच कशाला? पाप नुसतं केल्याने लागत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी लागतं. अशा ठिकाणी हौसेने जाणं म्हणजे अनुमोदनाच." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. शास्त्रात आहे ते आहे. पण अनुमोदना म्हणजे मनाने "छान झालं" म्हणणं. सॉसेजच्या धुराजवळून नाक धरून गेले, तर माझ्या मनाने कशाला होकार दिला? बाजारात चांगलंही असतं, नको ते असतं. आपल्या मंडईत जाताना मटणाची दुकानं लागतात, म्हणून भाजी आणायचं आपण सोडलं का?

आणि आपण मिरजेच्या बायका. मीरासाहेबांच्या उरुसात पाळणे येतात, बाजार भरतो, अब्दुल करीम खाँ साहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. माझ्या सासूबाई रात्री पाणीसुद्धा न घेणाऱ्या, तरी मुलांना उरुसात घेऊन जायच्या. खेळणी घ्यायच्या, बांगड्या भरायच्या, आणि दिवस बुडायच्या आत घरी येऊन जेवायच्या. नाताळही आपल्याला नवा नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून ख्रिस्ती कुटुंबं आपल्या शेजारी आहेत. त्यांच्या दारावरची कागदी चांदणी बघतच आपण मोठ्या झालो. दुसऱ्याच्या सणाला जायचं आणि आपलं स्वयंपाकघर सांभाळायचं, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

"आपण परके, आपलं तिथे काय काम?" असंही एकीने विचारलं. तर ऐका. या बाजाराचं उद्घाटन क्रिस्टकिंड करतं. दर दोन वर्षांनी शहरातली एक तरुण मुलगी त्यासाठी निवडतात. २०१९ साली बेनिग्ना मुन्सी ही मुलगी निवडली गेली, तिचे वडील भारतीय वंशाचे. एका पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या वंशावरून टोमणा मारला, तेव्हा लोक तिच्या पाठीशी उभे राहिले आणि ते लिखाण मागे घ्यावं लागलं. यजमान दार उघडं ठेवतात, तर आपणच उंबऱ्यावर का अडायचं?

माझं खरं कारण मात्र माझा नातू आहे. आठ वर्षांचा. बाजाराच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारलं, "आजी, जैन म्हणजे काहीच चालत नाही, असंच असतं का?" मैत्रिणींनो, हा प्रश्न मला तिन्ही मकारांपेक्षा जड वाटला. मी घरी बसले असते तरी तो गेलाच असता, त्याची शाळा जाते, मित्र जातात. आणि त्याच्या डोक्यात एवढंच राहिलं असतं की धर्म म्हणजे आजी येत नाही ती जागा.

म्हणून आम्ही दुपारी दोनलाच पोहोचलो. पावणेचारला चौकाच्या कडेला डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, घरून नेलेला लसणाशिवायचा भडंग. नातवाने भाजलेले चेस्टनट आणले, तेही खाल्ले. सूर्य मावळल्यावर माझं तोंड बंद, डोळे उघडे. दिवे लागले तेव्हा मीही त्याच्याइतकीच खूश होते. पुढे त्याच्या मित्राच्या आईने लेबकुखेन पुढे केलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "यात मध आहे, आम्ही घेत नाही. साखरेचे बदाम चालतात." त्याने न रडता, न लाजता सांगितलं, आणि बदाम मिळवलेही.

मी कॉमर्सची. मला मर्यादा पैशात आखायला सोपी जाते. बघण्याला बंदी नाही, पण जिथे माझा पैसा जातो तिथे माझं 'कारित' होतं. त्यामुळे मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या सुंदर असूनही घेतल्या नाहीत, चामड्याचं पाकीट घेतलं नाही. गवताच्या काड्यांच्या चांदण्या आणि लाकडी भोवरा घेतला. चांदणी लेकीच्या खिडकीत लावली. देवघरात नाही. तेवढा फरक मुलांना लगेच कळतो. जावई ग्लुवाइन घेतात की नाही, याची चौकशी मी केली नाही. व्रत माझं आहे.

एक गोष्ट मात्र तिथून उचलण्यासारखी आहे. पेय चिनी मातीच्या मगात देतात आणि मगाची अनामत रक्कम आधी घेतात. मग परत केला की पैसे परत. एवढ्या गर्दीत उष्ट्या कपांचे ढीग नाहीत. आपल्या पूजेच्या, विधानाच्या जेवणानंतर प्लास्टिकचे पेले कसे पसरलेले असतात ते आठवा. त्यावर माश्या, मुंग्या, आणि कचरा पेटवला की त्याच जळतात. पाणी गाळून पिणाऱ्यांनी हे बघू नये का? स्टीलचे पेले आणि दहा रुपये अनामत, एवढं आपल्या मंडळाला नक्की जमेल.

तर डिसेंबरात जाणार असाल तर जा. दुपारीच निघा, डबा सोबत घ्या, सूर्यास्ताची वेळ आधी बघून ठेवा. पदार्थात काय आहे ते मुलांना विचारायला लावा. त्यांना तिथली भाषा येते आणि आपल्याला नियम माहीत आहेत. असं एकत्र फिरल्याने तो नियम त्यांचाही होतो.