गांव न वाचणारी शाळा

एखाद्या मुलास ‘तूं कोण?’ म्हणून विचारिलें तर तो आपलें नांव, वडिलांचें नांव व आडनांव सांगतो, ‘तूं कोठला?’ म्हणून विचारिलें तर गांवाचें नांव सांगून थांबतो. ह्यापुढें त्यास कांहीं सांगतां येत नाहीं, हा दोष मुलाचा नव्हे, शाळेचा होय. ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मुलानें स्वतः शोधावीं, आणि त्याकरितां शाळेनें त्यास वेशीबाहेर न्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुकाच उदाहरणादाखल घेऊं. तेथील मुलास शिवनेरी ठाऊक असतो, व तो असावाच. १६३० सालीं शिवछत्रपति तेथें जन्मले. परंतु त्याच जुन्नरभोंवतालच्या लेण्यांत ‘यवन’ म्हणविणाऱ्या परदेशीयांनीं दानें दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत, ते किती मुलांनीं पाहिले आहेत? नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांत आपल्या अंकांचीं अतिप्राचीन रूपें आहेत. पाढे घोकणाऱ्या किती मुलांस तीं कोणी दाखविलीं? कुकडीकांठच्या बोरी येथें ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला. ती राख दूरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असें पुष्कळ संशोधक मानतात. तिच्या वयाविषयीं मात्र त्यांच्यांत वाद झालेला आहे. आणि खोडदच्या माळावरून ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आकाशांतील रेडिओलहरी टिपीत असतात. एवढें ज्यानें पाहिलें, त्याचा गांवाचा अभिमान वाढेल, पण तो कूपमंडूक होणार नाहीं. कारण आपल्या गांवांत सारें जग येऊन गेलें आहे हें त्यास कळलेलें असेल.

प्रत्येक गांवीं लेणीं नसतात, हें खरें. पण पाणवठा असतो, एखादा वीरगळ असतो, शेतांचीं नांवें असतात, आणि तीं जाणणारी एखादी म्हातारी असते. ती गेली म्हणजे तिच्याबरोबर एक दप्तरखानाच जळतो!

सरकारी कागद ह्या बाबतींत निर्दोष आहेत. तिसरीचीं परिसर अभ्यासाचीं पुस्तकें जिल्ह्याजिल्ह्यांसाठीं निरनिराळीं निघालीं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें तर ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशीं जोडावें हें अग्रभागीं सांगितलें. परंतु जिल्ह्याचें पुस्तकही घोकूनच पाठ करावयाचें असेल, तर वेशीबाहेरची नदी आणि आफ्रिकेंतील नदी ह्यांत मुलाच्या दृष्टीनें अंतर तें काय राहिलें?

कोणी म्हणतील, ‘ह्याला परीक्षेंत गुण किती?’ ह्या आक्षेपास उत्तर देण्यांत आम्ही जागा दवडीत नाहीं. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. मुलें गांव शोधूं लागलीं कीं त्यांस जातवार वस्त्या दिसतील, निराळे पाणवठे दिसतील, आणि नको त्या आठवणी उकरल्या जातील, असें भले भले गृहस्थ म्हणतात. आम्ही त्यांस विचारतों, त्या आठवणी कोणास नको आहेत? ज्याच्या आजीस विहिरीपासून दूर उभें राहून ओंजळीत पाणी घ्यावें लागलें, त्या मुलास घरीं त्या रोजच ऐकूं येतात. १९२७ सालीं महाडास चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तें पुस्तकांत वाचवतें. आपल्याच गांवच्या विहिरीची हकीकत मात्र विचारवत नाहीं! राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. तिची आठवणही नष्ट करावी असें त्या कलमांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. ज्या गांवाच्या ओळखींत त्या आजीला जागा नाहीं, ती ओळख खोटी होय.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. आठवड्यांतून एक तास शाळेनें मुलांस बाहेर न्यावें व प्रत्येक शाळेनें ‘गांवाची वही’ ठेवावी. वहींत नियम एकच: स्वतः पाहिलेलें एका बाजूस, ऐकलेलें दुसऱ्या बाजूस, आणि ऐकलेलें कोणाकडून तें खालीं. आम्हां वकिलांस ऐकीव साक्षीची किंमत ठाऊक आहे. ती मुलांसही लहानपणींच कळावी. पुढील वर्गानें मागील वर्गाच्या चुका दुरुस्त कराव्या. ऊसतोडीसाठीं आलेल्या मजुरांचीं मुलें वर्गांत असतील, तर त्यांच्या गांवांचींही पानें त्याच वहींत असावीं. धरणाखालीं ज्याचें गांव बुडालें त्याच्या पानावर तर आधीं शाई पडावी.

देशावर प्रेम करा असें मुलांस सांगून तें उत्पन्न होत नसतें. देश म्हणजे नकाशावरील रंग नव्हे. तो आपल्या शिवारापासून सुरू होतो. तें शिवार ज्यास वाचतां आलें, आणि त्यांतील वैभवाप्रमाणें त्यांतील अन्यायही ज्यानें स्वतःच्या हातानें लिहून ठेविला, तोच पुढें देशाचा खरा नागरिक होईल. शिक्षकांनीं परिपत्रकाची वाट पाहूं नये. वही कोरी आहे. येत्या सोमवारीं पहिलें पान लिहावें.