पडदा कोणाच्या खिडकीला?

वैशाखात विदर्भाचा पारा ४४ अंशांपलीकडे गेला की सरकारी सूचना प्रसिद्ध होऊ लागतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण सांगते की घर थंड ठेवण्यासाठी पडदे व झडपा लावाव्यात आणि रात्री खिडक्या उघडाव्यात. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्या पत्र्याच्या खोलीला खिडकीच नाही, तिच्यात राहणाऱ्या मजुराने पडदा कोठे लावावा?

हे शास्त्र विदर्भाला नवे नाही. वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडले की तीतून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यातील उष्णता पाण्याची वाफ होण्यात खर्च होते आणि आत गारवा येतो. मुंबईच्या दमट हवेत ही ताटी फारशी उपयोगी पडत नाही. तेथे ऊन अडवून वारा खेळता ठेवणे हाच मार्ग. ऊनही खिडकीच्या बाहेरच अडवावे लागते. काचेच्या आतला पडदा स्वतः तापतो व ती उष्णता बहुतांशी खोलीतच राहते. म्हणून बाहेर सोडलेली बांबूची साधी चीक आतल्या भारी पडद्याहून अधिक काम करते.

इंग्रजी अमदानीत साहेबाच्या बंगल्यातील ताट्या भिजवणारा नोकर मात्र उन्हातच उभा असे. आजचे वातानुकूलन यंत्र मालकाची खोली थंड करून तिची उष्णता गल्लीत सोडते. गारवा एकाचा आणि झळ दुसऱ्याची, ही रीत बदललेली नाही.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेच्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेंहून अधिक मृत्यू झाले. २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा आखला. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले. घर थंड ठेवणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. तेच तत्त्व खिडकीलाही लागू व्हावयास हवे.

प्रत्येक घरकुलाला समोरासमोर खिडक्या, त्यांवर छज्जा आणि पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याने अडत नसल्याने त्या बाजूस चीक हवी. ताटी भिजवण्यापुरते पाणी हवे, आणि रात्री खिडकी निर्धास्तपणे उघडता येईल अशी सुरक्षित वस्तीही हवी. यांतील एकही मागणी चैनीची नाही. एवढे केल्यावरच शासनाला पडदे लावण्याचा उपदेश करण्याचा अधिकार पोहोचेल.