विजेचा दर आणि शेतमालाचा डबा

शेतमाल नुसता पिकवून भागत नाही. तो भरून, बांधून, टिकवून विकावा लागतो. आंब्याच्या रसाचा डबा, बियाण्याची पुडी, दुधाचा कॅन यांचा खर्च अखेरीस आपल्याच खात्यावर पडतो. या खर्चात विजेचा वाटा किती असतो, इकडे शेतकरी बंधूंचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचेच उदाहरण घेऊ. एक किलो धातू भट्टीत तयार होण्यास सुमारे १३ ते १५ युनिट वीज लागते. म्हणजे पाच अश्वशक्तीचा पंप साडेतीन तास चालावा इतकी. म्हणूनच ही भट्टी खनिजापेक्षा विजेच्या आश्रयास जाते. राधानगरीच्या डोंगरात बॉक्साइट आहे, बेळगावास अ‍ॅल्युमिना होतो. परंतु धातूच्या मोठ्या भट्ट्या कोळशाच्या प्रदेशात, कोरबा व अंगुळ येथे आहेत. वीज महागली की भट्टी विझते. युरोपात विजेचे भाव भडकले तेव्हा स्लोव्हाकियातील स्लोव्हाल्को कारखान्यास २०२२ साली खनिजापासून धातू करणे बंद करावे लागले.

मोठा कारखानदार स्वतःचे वीजघर बांधून यातून वाट काढतो. रेणुकूटच्या कारखान्यास रेणुसागरचे वीजघर आहे. परंतु पत्र्याचे डबे व पुड्या करणाऱ्या लहान कारखानदारास ते सामर्थ्य कोठून असणार? त्यास वीज कंपनी लावील तो दर द्यावा लागतो, आणि येथेच आपला संबंध येतो. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत वीज मिळू लागली. सवलतीचा काही भाग सरकारी तिजोरीतून येतो. परंतु शेतीचा मूळ दरच खर्चाहून कमी धरल्याने राहिलेली तूट उद्योग व व्यापार यांच्या दरांवर चढविली जाते. हीच ती ‘क्रॉस सबसिडी’. ती क्रमाक्रमाने कमी व्हावी, असे २००३ च्या वीज कायद्यातच म्हटले आहे.

शेतीस सवलत नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. प्रश्न आहे तो सवलत कोणत्या खात्यातून द्यावी हा. महसूल खात्याचे दप्तर सांभाळताना आम्ही पाहिले, की पिकाची आणेवारी कमी लागली म्हणजे गावचा सारा तहकूब होई. तो शेजारच्या गावाच्या साऱ्यात मिळविला जात नसे. सवलत सरकारची, बोजाही सरकारचाच. विजेसही हाच न्याय लावावा.

कोणी म्हणतील, तिजोरीतील उघडी रक्कम सरकार उद्या कमी करील. करीलही, परंतु उघड्या रकमेविषयी विधानसभेत जाब विचारता येतो. डब्याच्या किमतीत दडलेल्या रकमेचा जाब कोणास विचारावयाचा? पंपावर वाचलेला पैसा डब्यावाटे परत जात असेल, तर तो हिशेब आपणच मांडला पाहिजे. संघाने या विषयावर सभासदांचे मत घेऊन ठराव करावा, इतकीच विनंती.