टीकाकार नापास कलावंत नव्हेत

संपादक महोदय,

‘ज्याला गाता येत नाही तो परीक्षणे लिहितो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान टाळ्याखाऊ आहे, खरे नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटांना संगीत देणारे केशवराव भोळे टोपणनावाने गायकांवर लिहीत. कवी मर्ढेकरांचे तर काय सांगावे! कवितेवर अश्लीलतेचा खटला सोसला आणि सौंदर्यशास्त्रही लिहिले.

उणीव आहे ती वेगळीच. मैफलीच्या हल्लीच्या वृत्तांतात दीपप्रज्वलन कोणी केले, सत्कार कोणाचा झाला, हे सविस्तर असते. राग कसा मांडला, तबला कुठे वरचढ झाला, याबद्दल अक्षर नाही. ‘रसिक मंत्रमुग्ध’ एवढे छापले की काम झाले.

आपल्या अंकात महिन्यातून एक तरी सडेतोड परीक्षण छापावे, ही विनंती.

— एक श्रोता, मिरज